दादा आता तिथला झाला

आचरा, बुधवार, डिसेंबर १९६४

माझा सख्खा भाऊ आता भारताचा नागरिक नाही!

इतक्या वर्षांनी दादा नैरोबीहून भेटीला आला, म्हणून आई आज दुपारी त्याला माडांच्या भाटात, आमच्या बागेत, घेऊन गेली. मीही होतेच. विहिरीजवळची जागा दाखवून म्हणाली, "हयसर तुझा घर बांधूया."

दादा खाली बघत म्हणाला, "आये, माका हंय घर नको. मी थंयचो नागरिक झालंय."

नागरिक. तो शब्द आईला लगेच कळला नसावा. मला कळला.

केनिया स्वतंत्र झाला, आता तिथे राहायचं तर त्यांचंच व्हायला हवं, म्हणतो. नाहीतर त्याचा लाकडी सामानाचा कारखाना उद्या चालू देतील की नाही, कोण जाणे. कामगार तिथलेच, त्यानेच शिकवलेले. त्यांच्या चुली त्यावर पेटतात. तिथले आपले बाकीचे लोक निघायची तयारी करतायत आणि यालाच वेडा म्हणतात. पटतं सगळं. पण नागरिक? आम्हांला विचारायचं तरी होतं! विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का?

मला वाटलं, आई आता रडेल. पण तिने एवढंच विचारलं, "थंयचे लोक तुका आपलो म्हणतत मा?"

दादा म्हणाला, "अजून नाय, आये."