घरघंटीत गहू घालू नये

मी, श्रीमती संजीवनी इंद्रभान इंगळे, वय सत्तरीला टेकलेले, निवृत्त अव्वल कारकून, राहणार चिखली, जिल्हा बुलढाणा, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप मात्र नीट लागत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रिया करून घेणार नाही, असे मी त्यांना सांगितले. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही. या घरात धाक दाखवणारी आजवर मी एकटीच होते. तहसील कार्यालयात दुसऱ्यांच्या वारसांची भांडणे हाताळण्यात माझी नोकरी गेली, तेव्हा एखादा शब्द जड झाला तर तो सवयीचा समजावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. चिखली येथील राहते घर माझा एकुलता एक मुलगा प्रसेनजित यास द्यावे. तो पुण्याला नोकरी करतो आणि इथे परत येणार नाही, हे मला कळते. घर विकायचे तर खुशाल विकावे, पण अंगणातले निंबाचे झाड तोडणाऱ्याला विकू नये. प्रसेनजितविषयी माझी तक्रार एकच. घरात वाद झाला की तो मोबाइल घेऊन गच्चीवर जातो. त्याने कधी आईची बाजू घेतली नाही आणि बायकोचीही घेतली नाही. एकदा तरी कोणाची घ्यायला हवी होती.

२. पोस्टातील व बँकेतील सर्व ठेवी माझी नात मंजुश्री हिच्या शिक्षणासाठी ठेवाव्यात. मंजू सध्या अकरावीला आहे. पुढे वसतिगृहात राहावे लागेल म्हणून तिला बाहेरगावचे कॉलेज नको वाटते, असे ऐकते. त्याचे कारण मला माहीत आहे. ते सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत, म्हणून इथेच लिहिते.

मंजू लहान असताना तिचे पोट सतत दुखे, वजन वाढत नसे. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून निदान केले की तिला गहू चालत नाही, अगदी कणभरही नाही. दूधही सोसत नाही. अशा रीतीने गहू आणि दूध डॉक्टरांनी बंद केले, आणि साखर सूनबाई दीपमालाने बंद केली. अंडे मंजूने आपण होऊन सोडले, कोंबडीचा व्हिडिओ बघून. राहिले काय, असे मी तेव्हा हसून म्हणाले होते. पण शाळेत कोणाचा वाढदिवस असला की पोरगी वर्गाबाहेर जाऊन बसते, हे कळले तेव्हा हसू आले नाही.

तिला ब्राउनी खायची होती. मी ब्राउनी पाहिलीसुद्धा नव्हती. केक म्हणजे पातेल्यात वाळू घालून केलेला, एवढीच माझी मजल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अकीलची बेकरी आहे. दिवाळीआधी सगळ्या बाया रवा, साखर, तूप डब्यात भरून तिथे नेतात आणि नानकटाई भाजून आणतात. मी अकीलला विचारले तर तो म्हणाला, "काकू, माझ्या भट्टीत नका आणू. वडिलांच्या टाइमपासून मैदा उडून राह्यला इथं. भिंतीले हात लावला तरी मैदा येते. तुम्ही घरी छोटा ओव्हन घ्या, मी शिकवतो." त्याचा धंदा असून त्याने मला परत पाठवले, हे मी विसरलेले नाही.

मग मी ओव्हन घेतला. घरातला गहू, रवा, शेवया सगळे वाटून टाकले. पहिल्या ब्राउन्या फरशीला लावाव्यात अशा झाल्या. एकदा सीताफळाचा गर घातला, तो भाजल्यावर कडू झाला. आमच्या ह्यांनी, म्हणजे कै. इंद्रभान यांनी, एकही तुकडा टाकला नाही. "औषध म्हणून खातो," म्हणायचे. शेवटी जमले. मंजूच्या भाषेत सांगायचे तर व्हीगन आणि ग्लूटेन-फ्री. माझ्या भाषेत, ज्वारीच्या पिठाचा गोड तुकडा.

मंजू नऊ वर्षांची असताना एप्रिलात जयंतीला सगळे आले. मला घरभर पाहुण्यांचे करायचे होते. ज्वारी मी निवडून, धुऊन, वाळवून डब्यात भरली आणि माझी नणंद केसरबाई, जी दोन गल्ल्या सोडून राहते, तिच्याकडे दळायला दिली. बजावून सांगितले, "केसर, ज्वारीवरच दळून आण. आधी गहू दळला असेल तर थांब." गिरणीत आधीच्या दळणाचे पीठ दगडात राहते आणि पुढच्याच्या डब्यात पडते, हे या भागातल्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. भाकरी बिघडू नये म्हणून आम्ही तसेही ज्वारीवर ज्वारी मागतो.

मंजूने तीन तुकडे खाल्ले. चौथा हातात घेऊन अंगणात सगळ्यांना दाखवत फिरली. दुपार कलली तशी पोट धरून बसली, नंतर उलट्या, नंतर दवाखाना. सलाईन लावलेल्या हाताने तिने माझा पदर धरला होता. दीपमाला मला म्हणाली, "आई, तुम्हाला कितीदा सांगितलं होतं." मी म्हणाले, घरात गव्हाचा कण नाही, पीठ फक्त गिरणीपर्यंत बाहेर गेले होते, केसरला विचार. केसर म्हणाली, "ज्वारीवरच दळलं व वैनी. बुद्धाची आन." तिने शपथ घेतली आणि मी खोटी ठरले. दीपमाला एवढेच म्हणाली, "चूक तुमची, आणि नाव आत्याबाईंचं."

त्या दिवसापासून मंजू माझ्या घरी स्वतःचा डबा घेऊन येते. कोणाच्याच घरी जेवत नाही. लग्नात जात नाही, पंगतीत बसत नाही. वसतिगृहाचे भय त्यातलेच आहे. ते तिच्या मनात शिरले माझ्या घरात, माझ्या हातच्या तुकड्याने, आणि याचे मला फार दुःख आहे. केसरशी मी तेव्हापासून बोललेले नाही.

३. घरघंटी. ही मी त्यानंतर लगेच आणली. तिच्यात आजवर ज्वारीशिवाय काही पडलेले नाही. हरभरासुद्धा नाही. ही घरघंटी, ओव्हन आणि ब्राउनीचे दोन डबे मंजुश्रीला द्यावेत. तिला वसतिगृहात ठेवता येणार नसतील तर प्रसेनजितने सांभाळावेत, पण त्यात गहू घालू नये. "एकदाच घातला" हे कारण चालणार नाही.

कृतीही वारशात आली, म्हणून ती इथेच लिहिते. बिया काढलेला खजूर वाटीभर घ्यावा, कोमट पाण्यात भिजवून गुळगुळीत वाटावा. सालीवर काळे डाग पडलेली दोन केळी कुस्करावीत. पिवळीधमक केळी घेऊ नयेत, ती गोडीला कमी पडतात. जवस वाटून पाण्यात ठेवावे, ते चिकट झाले की अंड्याचे काम करते. शेंगदाण्याचे तेल अर्धी वाटी, ज्वारीचे पीठ वाटीभर चाळून, कोको, चिमूटभर मीठ, खायचा सोडा आणि वर लिंबू पिळावे. डब्याला तेल लावून ज्वारीचेच पीठ भुरभुरावे, सगळे एकत्र करून त्यात ओतावे आणि ओव्हनमध्ये भाजावे. काडी घातल्यावर थोडी ओलसर निघाली तरी बाहेर काढावे. आणि गार झाल्याशिवाय कापू नये, ज्वारी गरम असताना मोडते. मंजूला घाई असते, ही तिची आजोबांकडून आलेली खोड.

मी दर महिन्याला करत आले. मंजू यायची असली की त्याच दिवशी करते, डबा उघडा ठेवते आणि काही म्हणत नाही. मागच्या खेपेस ती डब्यापाशी उभी राहिली. "आजी, वास मस्त आहे गं," म्हणाली. मग तिने हळूच झाकण लावले आणि बाहेर जाऊन तिचा डबा उघडला.

४. इंद्रभान यांची सायकल अकीलकडे उभी आहे. ती मी त्याला केव्हाच देऊन टाकली आहे, परत मागू नये. हे गेल्यावर अकीलने मला सांगितले की काका रोज संध्याकाळी बेकरीत येऊन एक पाव चहात बुडवून खायचे, आणि अंगावरचे कण झटकून, नळावर हात-तोंड धुऊन मग घरी यायचे. मी घरातून गहू काढला तेव्हा त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते. पोळीचा माणूस होता तो. शेवटच्या आजारात मी त्यांना ज्वारीची उकड भरवत राहिले. त्यांनी मागितली असती तर शेजारून पोळी आणून दिली असती. मागितली नाही, हे मला जास्त लागते.

५. माझी सोन्याची पोत दीपमालाला. तिने मला माफ करावे असे मी म्हणत नाही, कारण माझी चूक नव्हती. पण तिच्या जागी मी असते तर मीही सासूवर विश्वास ठेवला नसता. पोर तिची होती. पोत तिने जरूर घालावी, लॉकरमध्ये ठेवू नये.

६. पितळी परात केसरबाईला. ही तिच्या आईची, लग्नात माझ्याकडे आली. तिच्यावरचा राग मात्र मी कोणालाही देत नाही, तो माझ्यासोबत येईल.

७. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने करावेत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदनेनंतर जे जेवण होईल त्यात गहू, दूध, तूप काही नसावे. बुंदी आणू नये. ज्वारीची भाकरी, वरण, वांग्याची भाजी आणि गोड म्हणून वरील कृतीच्या ब्राउन्या. बाहेरचा आचारी बोलावू नये. लोक नावे ठेवतील, मी ऐकायला नसेन. मंजूने खाल्लेच पाहिजे अशी अट मी घालत नाही. पण पंगतीत सगळ्यांच्या ताटात जे आहे ते तिच्याही ताटात पडू शकेल, असे एक जेवण या घरात व्हावे. ते मी हयातीत करू शकले नाही. ही माझी शेवटची इच्छा समजावी. बाकी कलमांत काही कमीजास्त झाले तरी चालेल, यात नको.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून सही करण्यास बसले आहे.

पुरवणी. वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवत होते. एक साक्षीदार अकील आणि दुसरी त्याची पत्नी बिलकिस असे ठरले होते. अकीलने मला न विचारता केसरलाही आणले होते. ती दाराजवळच बसली.  सातवे कलम ऐकल्यावर उठून टेबलापाशी आली.

"मले परात नको वैनी. सही करू दे."

मी सांगितले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नंतर लोक शंका घेतात.

"म्हनूनच म्हनतो, परात काढ. मले सही पाह्यजे."

"काऊन?" अकीलने विचारले.

केसरने माझ्याकडे पाहिले नाही, घरघंटीकडे पाहिले. "त्या दिवशी रांगीत सारे गहूवाले होते. गिरणीवाला म्हने, बाई थांबा, ज्वारीवाले येऊ द्या. घरी नवरा तापानं फनफनून राह्यला होता. म्या म्हनलं एवढ्याशानं काय होते, टाक बे. मंग पोरीले सलाईन लागलेली पाह्यली अन् मले भेव वाटलं. तोंडातून आन निघून गेली. मांग घेता नाही आली."

मला तिचा संताप यायला हवा होता. रडू आले. तापाचे सांगितले असते तर मी तिला पाठवलेच नसते. मी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

केसरने अकीलच्या मोबाइलवरून दीपमालाला स्वतः फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि हेच सगळे पुन्हा सांगितले.  दीपमाला म्हणाली, "आई, मी... मंजूशी बोला."

मंजू म्हणाली, "आजी, मला तुझा राग कधीच नव्हता गं. मला फक्त भीती वाटते, कुणाच्याही हातची. अजूनही वाटते."

मी तिला कलम सात वाचून दाखवले. ती म्हणाली, "दळताना मी समोर उभी राहीन. पण त्यासाठी तू जायची वाट कशाला बघायची?"

 इतकी वर्षे मी डबा उघडा ठेवून गप्प बसले आणि तेवढ्यात इंद्रभान निघून गेले. मंजू दिवाळीच्या सुट्टीत यायची आहे. झडप तोवर धरून राहील का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून कलम सात आहे तसे ठेवते. कलम सहा केसरच्या सांगण्यावरून संपूर्ण खोडले आहे, परातीसह आणि रागासह. खोडलेल्या जागी माझी सही आहे. साक्षीदार म्हणून बिलकिसऐवजी आता केसर सही करते. केसर आत ज्वारी निवडायला बसली आहे. दळायची मात्र मंजू आल्यावरच.

ठिकाण : चिखली, जिल्हा बुलढाणा
दिनांक : ५ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार : संजीवनी इंद्रभान इंगळे (सही)

साक्षीदार :

१. अकील रहेमतुल्ला शेख, बेकरी व्यवसाय, चिखली (सही)

२. केसरबाई श्रीपत जाधव, चिखली (सही)
सहीखाली स्वतःच्या हाताने : दळन म्या नेलं होतं. वैनीच्या हाताची चूक नोती. मंजू, तू खाय.