सहाशे डबे आणि एक स्टूल

३ जून, सकाळी ९
आजपासून दुकान डिजिटल. नळाचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्यावरच्या एकाही गाढवाने 'स्ट्रॅटेजिक ॲडव्हान्टेज' हा शब्द ऐकलेला नाही. मीही परवापर्यंत ऐकला नव्हता, पण मी चटकन शिकतो. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, वर्षभरात तुमच्या समोरचा शटर ओढेल. सज्जन माणूस.

५ जून
मामांची कटकट. आईचा सख्खा भाऊ म्हणून सोसतोय. तीस वर्षं काउंटरवर बसून डोकं गंजलंय. प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतल्या मालाचा एकेक नग तारेने बांधलेला. गिऱ्हाईक तुटका तुकडा आणतं, मामा तो नगांशी ताडून बघतात. आदिमानव! सहाशेच्या सहाशे नगांच्या तारा पकडीने कापल्या, डब्यांवर बारकोड चिकटवले. मामा म्हणाले, अरे, गिऱ्हाइकाला नाव ठाऊक नसतं, हातात तुकडा असतो. म्हटलं, मग गिऱ्हाइकाने सुधारावं.

८ जून
कॉम्प्युटरच्या टेबलाला जागा हवी होती. मामांचं स्टूल माळ्यावर टाकलं. मामा दिवसभर उभे. व्यायाम होईल.

१२ जून
मामा गेले. समोरच्या दुकानात. तिथल्या मालकाने पाठ असलेली खुर्ची दिली म्हणे. बायको म्हणाली, जा आणि हात जोडून परत आणा. मी? हात जोडू? ब्याद टळली.

१९ जून
समोरच्यानेही तेच सॉफ्टवेअर घेतलं. त्याच सॉफ्टवेअरवाल्याकडून! त्यालाही सांगितलं म्हणे, वर्षभरात तुमच्या समोरचा शटर ओढेल. नीच माणूस.

२६ जून
गिऱ्हाइकं अडाणी. प्लंबर आला, तुकडा पुढे करून म्हणाला, असला द्या. आयटमचं नाव विचारलं. तुकडा खिशात टाकला आणि रस्ता ओलांडून गेला. आज असे सात. खप नाही, पण रिपोर्ट काय रंगीत येतो!

२ जुलै, सकाळी ७
घरचा नळ धो धो गळतोय. बायको बादल्या बदलत म्हणाली, आपलं नळांचंच दुकान आहे ना? ठणकावून सांगितलं, अर्ध्या तासात वॉशर आणतो.

दुपारी १
स्क्रीन नाव विचारते. माझ्या हातात तुकडा. नुसतं 'वॉशर' टाकलं तर साठ प्रकार दाखवते; नेमकं नाव मला काय ठाऊक? चार तास डबे उपसले.

दुपारी ४
गेलो समोर. रांगेत उभा राहिलो, प्लंबरच्या मागे. मामांनी तुकडा बोटांत फिरवला, कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. म्हणाले, हा इथे नाही मिळायचा. तुझ्याच दुकानात आहे, खिडकीपाशी, खालून दुसरी रांग, डावीकडून चौथा डबा. सूनबाईला सांग, तोवर नळाला फडकं बांध.

स्टूल खाली काढलंय, असं मी म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो. परत या, असंही म्हणालो. मामा म्हणाले, इथल्या दोनशे डब्यांवर नग बांधून झालेत, बरेच राहिलेत. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

वॉशर चौथ्या डब्यातच होता. एक खिशात टाकला. एक तारेने डब्याच्या तोंडावर बांधला. राहिले पाचशे नव्याण्णव.