सत्तावन्न नंबरचं कार्ड

एल्म फोर्क, आयोवा
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय वेल्मा,

तुम्ही सगळे डे मॉइनला खुशाल असाल. इकडे मक्याची कापणी संपत आली आहे, दारात धुळीचा थर आहे आणि माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो. तुझ्या जुन्या घरातले लोक सफरचंदं वाटतात, पण झाड छाटत नाहीत. एकदा येऊन त्यांना दोन शब्द सुनाव.

आपल्या कबरनोंद मंडळात धुमश्चक्री चालू आहे. ड्वेन अध्यक्ष झाला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. आपली कार्डांची कपाटं, सगळे खण, त्या वंशावळींच्या कंपनीला द्यायचे म्हणतो. गुरुवारी मतदान आहे. पुढे ज्याला बघायचं त्याने कंपनीची वर्गणी भरायची. मी सभेतच विचारलं, "माझ्याच हातचं कार्ड बघायला मी पैसे मोजू?" तर म्हणतो, "आर्डिसबाई, तुम्हाला पहिलं वर्ष फुकट आहे." मी त्याच्या बापाची कबर वाचलेली आहे, आणि हा मला फुकटचं वर्ष देतो.

अठरा उन्हाळे आपण दोघी दफनभूमींतून आरसा घेऊन हिंडलो, वेल्मा. उन्हाची तिरीप दगडावर पाडायची, पुसट अक्षर वर आलं की तू वाचायचीस आणि मी लिहायचे. दगडावर चुकीचं साल असलं तरी तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा नियम तूच मला शिकवलास. आणि चुकलेलं कार्ड फाडायचं नाही, त्यावर लाल रेघ मारून खाली सही करायची, हेही तुझंच.

कंपनीतर्फे मिस कॅलोवे म्हणून एक बाई आली होती. गोड आहे, केक खाल्ला, कपाटांना हात लावून बघितलं. मग पुअर फार्मचा खण उघडला. काउंटीने निराधार माणसांना ठेवलं आणि तिथेच पुरलं, त्यांची एकशे बारा कार्डं. बहुतेकांवर नुसते नंबर, आणि पुढे 'नाव माहीत नाही'. ती म्हणाली, "ही आम्ही घेणार नाही. लोक आमच्याकडे कुणीतरी सापडावं म्हणून येतात. 'माहीत नाही'ला गिऱ्हाईक नसतं हो." मला तेव्हाच कळलं, आपलं आणि हिचं जमायचं नाही.

तिने एक कागद ठेवला आहे. प्रत्येक कार्ड दगडावरून किंवा नोंदवहीवरून जसंच्या तसं उतरवलं आहे, असं कार्डं सांभाळणारीने, म्हणजे मी, लिहून द्यायचं. सहीशिवाय व्यवहार होत नाही. ड्वेन रोज फोन करतो. मी म्हणते, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर असतो.

तुझं पत्र ड्वेन गुरुवारी वाचून दाखवणार आहे. कपाटं द्या, असं तू लिहिलंयस. तुला तसं का वाटतं, ते मला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये तुझा रडत रडत फोन आला होता. "आर्डिस, त्या कंपनीच्या साइटवर आई सापडली गं. हुल्डा क्रूस, सत्तावन्न नंबर. समोर हिरवी खूण आहे, खात्रीची. आपण इतकी वर्षं धुंडाळलं, यांनी मिनिटात हातात दिली." मी म्हटलं, छान झालं, आणि ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय म्हणून फोन ठेवला. काही जळत नव्हतं.

मी दोन पानं भरली आणि अजून मुद्द्यावर आले नाही. आता येते.

एक्याण्णव सालचा जून आठव. तुझं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. पुअर फार्मच्या त्या नंबरांमधून तू एकेका दगडाशी थांबत होतीस. मग एका दगडापाशी बसलीस आणि म्हणालीस, "आई इथे वारली तेव्हा मी तीन वर्षांची होते. निदान कुठे बसून रडायचं तेवढं तरी कळावं." नोंदवही केव्हाच जळलेली. तू बसलीस तो दगड सत्तावन्न नंबरचा होता. तिथे सावली होती म्हणून बसलीस, दुसरं काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात तू मुलाकडे गेलीस. मला करमेना. मी एक कार्ड घेतलं आणि त्यावर तुझ्या आईचं नाव लिहिलं, साल लिहिलं, सत्तावन्न लिहिलं. तू आलीस की तुझ्यासमोर खण ओढीन, असं मनात होतं. तू आली नाहीस, आणि ते कार्ड फाडायला काय, लाल रेघ मारायलाही माझा हात उचलेना. गेल्या वर्षी नमुना म्हणून कंपनीने काही खणांतल्या, नाव असलेल्या कार्डांचे फोटो नेले. त्यात ते गेलं. ती हिरवी खूण माझ्या खोटेपणावर आहे. त्यांनी कुणाला एका शब्दाने विचारलं नाही, आणि आता तुझ्यासारख्या किती जणांच्या वंशावळीत मी लिहिलेलं ते नाव घुसलं असेल, देव जाणे.

आईच्या नावाचा दगड तू त्यांच्यामार्फतच कोरायला टाकलायस म्हणे. थांबव तो. तिथे दुसऱ्याच कुणाची आई असेल.

गुरुवारी मी सही करणार नाही. उभी राहून सगळ्यांसमोर सांगेन की एक कार्ड मी बनवलं, का बनवलं, आणि त्या खात्रीच्या खुणेची किंमत काय ते. ड्वेन म्हणेल, मंडळाचं नाक कापलं. कापू दे. मला काढून टाकतील, चालेल, पण कपाटं जाणार नाहीत. तू ते सभेतून ऐकू नयेस म्हणून आधी लिहिलं. तुझी आई तुझ्यापासून दुसऱ्यांदा जातेय, आणि या वेळी माझ्या हातून, हे मला कळतंय, वेल्मा. माफी मागायचं तोंड मला नाही, तरी मागते.

कार्डावर आज लाल रेघ मारली आणि पूर्ण नाव लिहून सही केली. मे महिन्यात माझ्या दारचे पिओनी फुलतील. तेव्हा प्रत्येक नंबरापाशी फुलांचा एक डबा ठेवायचा, म्हणून कॉफीचे रिकामे डबे मी आतापासून जमवतेय. एकशे बारा लागतील, म्हणजे एकही दगड सुटणार नाही आणि तुझ्या आईला तिचं फूल नक्की पोचेल. माझ्याशी बोलायचं नसलं तर बोलू नकोस. पण ये, डबे एकटीने उचलवत नाहीत.

तुझी, आणि ज्या कार्डावर तू रडलीस त्यावरचं अक्षर जिचं, ती
आर्डिस