डावा टॉवर

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीला टेंगूळ आलंय! खरंच. काच धुवायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले. पुढच्या दोन चाकांच्या वर पत्र्याचे दोन गोल उंचवटे असतात — शॉकअब्जॉर्बरचं डोकं त्यात तीन नटांनी अडकवलेलं असतं. उजवा उंचवटा सपाट. डावा मधोमध फुगलेला, रंगाला बारीक तडे. अर्धं आयुष्य कापडावर हात फिरवण्यात गेलंय माझं, एवढासा झोळ बोटांना लगेच कळतो. डोळे मिटून पुन्हा चाचपला. झोळच!

स्वारीला हाक मारली. (नवऱ्याला तोंडावर ‘अहो’, इथे वहीत स्वारी.) स्वारी निवृत्त ड्राफ्ट्समन, जन्मभर सरळ रेघा ओढलेल्या. फूटपट्टी घेऊनच आली, पत्र्यावर आडवी धरली, फट बघितली आणि म्हणाली, “स्पीडब्रेकरवरून उडवतेस तू.” झालं! चौकशी नाही, साक्षीदार नाही, थेट निकाल. पट्टी परत खिशात घालून स्वारी चहाला गेली.

उडवते मी, हे खरंय. पण प्रेमानं उडवते.

५ फेब्रुवारी

मेकॅनिककडे गेले. पोरगा तोंडाचा फटकळ. बॉनेटमध्ये मान घालून त्यानं प्रवचनच सुरू केलं. “काकू, याला टॉवर म्हणतात. चाक आपटलं की शॉकअब्जॉर्बर खालून डोकं मारतो आणि पत्रा वर येतो. छोटी गाडी, पातळ पत्रा. असंच ठेवलंत तर स्टिअरिंग वाकडं होणार, टायर एका बाजूनं झिजणार आणि एक दिवस पत्रा फाटणार. चालवतं कोण?”

“आम्ही दोघं.”

“मग तुम्हीच.”

“का रे बाबा?”

“काकांच्या मागे अडकलो होतो एकदा. घरी पोचेस्तोवर दाढी वाढली माझी.”

वर्षभरात स्वारीचा वेग फारच कमी झालाय. निवृत्तीनंतर घाई कसली, असं स्वारीचं म्हणणं. सगळे कौतुक करतात — किती जपून चालवतात, किती जपून चालवतात! माझं नाव मात्र गॅरेजपर्यंत पोचलेलं.

पोरानं हातोडी काढली, चार दणके घातले आणि म्हणाला, “बसला बघा.”

७ फेब्रुवारी

बसला कसला, पुन्हा उठला! आधीपेक्षा वर. गाडीचा भार त्याच्यावर तसाच ठेवून वरून ठोकलं तर काय होणार? अंगात न बसणारं पोलकं नुसतं इस्त्री केल्यानं बसतं का? मेकॅनिकला म्हटलं तसं. तो म्हणाला, “काकू, मी हे करूनच बघत होतो.” निर्लज्ज हसला. मलाही हसू आलं.

११ फेब्रुवारी

आज रीतसर ऑपरेशन झालं. मी स्टुलावर बसून पूर्ण पाहिलं. गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, शॉकअब्जॉर्बर खाली उतरवला. मग टॉवरच्या वर एक आणि खाली एक अशा जाड लोखंडी चकत्या, मधून एक लांब बोल्ट. पोरगा पाना फिरवत गेला, थोडा थोडा, आणि पत्रा कुरकुरत खाली आला. मी शिवणाच्या खडूनं कडेनं वर्तुळ आखून दिलं, म्हणजे चकती सरकली तर कळेल. पोरगा म्हणाला, “काकू, इथंच कामाला या.” सांगितलं त्याला, माझ्या शिवणवर्गात आधीच वीस विद्यार्थिनी आणि अकरा मशिनं आहेत, तू काय पुरा पडणार?

पुन्हा फुगू नये म्हणून दोन्ही टॉवरवर कायमच्या बसवायच्या जाड पट्ट्या मागवल्यात. नटांच्या खाली बसतात, धक्का सगळ्या पत्र्यावर वाटला जातो. यायला वेळ लागेल म्हणे. तोवर रबरं नवी, टायरमध्ये हवा बरोबर आणि चालवायचं जपून. हे शेवटचं माझ्याकडे बघून!

१२ फेब्रुवारी

घरात कोर्ट भरलं. लेक फोनवर, म्हणजे न्यायाधीश. आरोपी मी. फिर्यादी स्वारी, हातात फूटपट्टी.

लेकीनं निकाल दिला: “आई, डावा टॉवर पुन्हा वर आला तर चावी बाबांकडे. कायमची.”

“मान्य!” म्हणाले मी. फणकाऱ्यात म्हणाले. आता हिशेब मांडतेय. ती चावी गेली तर पुलापलीकडचा माझा शिवणवर्ग, कापडाचे गठ्ठे, कधीही उठून कुठंही जाणं — सगळं स्वारीच्या सोयीनं. या वयात कुणाकडे “मला जरा सोडता का?” म्हणायचं? मरू दे. असं चालवीन की पत्र्याला कळणारसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी

स्पीडब्रेकरवर एवढी हळू झाले की मागचा सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला. जाताना माझ्याकडे वळून बघितलं मेल्यानं!

१९ फेब्रुवारी

स्वारी माझ्या कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. “टेबल कुणी सरकवलं?” कुणी सरकवणार? दहा वर्षं तिथंच आहे ते. खांदा चोळत बसली आणि खापर माझ्यावर. या घरात काहीही आपटलं की गुन्हेगार ठरलेला.

२४ फेब्रुवारी

आज रस्ता मोकळा होता. सरळ, लांबलचक, रिकामा. पाय शिवशिवत होता. नाही उडवली! माझी मलाच शाबासकी दिली.

२ मार्च

डावा टॉवर वर आलाय.

मी नाही! देवाशपथ मी नाही! स्वारीनं पट्टी धरली, फट दाखवली. मी ओरडले, रडले, सगळं केलं. लेक फोनवर म्हणाली, “आई, ठरलं होतं ना?” स्वारीनं चावी खिशात टाकली. वर म्हणते कशी, “मी सोडत जाईन ना तुला, त्यात काय!” गोड आवाजात. त्या गोड आवाजाचाच राग आला.

६ मार्च

पट्ट्या आल्या. डावा टॉवर पुन्हा दाबून सपाट केला आणि दोन्हीकडे पट्ट्या कसून बसवल्या. काळ्या, दणकट, सुरेख. मला काय त्याचं? मी आता सवारी.

मेकॅनिक हळूच म्हणाला, “काकू, पट्टी बसवली म्हणून उड्या मारायच्या नाहीत हं.” स्वारी जोरात हसली. मी नाही हसले.

८ मार्च

एक गोष्ट डोक्यात घोळतेय. मी स्पीडब्रेकरवरून उडवते तेव्हा दोन्ही चाकं एकदम आपटतात. म्हणजे दोन्ही टॉवर फुगायला हवेत. आणि उजवा? पहिल्या दिवसापासून काचेसारखा सपाट! एकाच खांद्याला झोळ पडत असेल तर शिंपी काय म्हणतो? गिऱ्हाईक एकाच खांद्यावर पिशवी घेतं. मग या गाडीच्या डाव्या खांद्यावर कोण ओझं टाकतंय?

९ मार्च

डावीकडे बसल्याचा एक फायदा: डावं चाक थेट माझ्या पायाखाली येतं.

धाड! वळणावरच्या खड्ड्यात. हळू, पण पुरतं आत. स्वारी म्हणाली, “रस्ते बघ कसे झालेत.”

धाड! फुटपाथची कड.

“रस्ते बघ कसे झालेत.”

अस्सं! आता सापडला चोर. रोज त्याच रस्त्यानं मी जात होते, तो खड्डा झोपेतही चुकवीन.

१२ मार्च

पुरावा गोळा करतेय. एक धाड, एक रेघ — शिवणाच्या पांढऱ्या खडूनं, माझ्या समोरच्या डॅशबोर्डवर, उघड उघड. काळ्या डॅशबोर्डवर पांढऱ्या रेघा! चिडून पुसेल म्हटलं, मग रंगेल भांडण. पण नाही. स्वारी ढिम्म. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं असलं तरी जिला घास उतरत नाही, तिला माझ्या वेड्यावाकड्या रेघा दिसेनात! मुद्दाम करतेय. कानाडोळा करायचा आणि मला वेडी ठरवायचं, हा डाव आहे सगळा.

विद्यार्थिनींना सांगितलं. एकजण म्हणाली, “ताई, काका किती सज्जन दिसतात हो.” सज्जनच असतात असले!

१४ मार्च

रेघांनी डॅशबोर्ड भरला. उजव्या चाकाची एकही नाही, सगळ्या डाव्या. उद्या रविवार, लेक फोन करणार. उद्या कोर्ट माझं! काय बोलायचं ते आंघोळ करताना पाठसुद्धा केलं: “न्यायाधीश महाराज, हळू चालवणं म्हणजे नीट चालवणं नव्हे!” चावी परत घेणार. मग हळूहळू, शांतपणे, स्वारीला शेजारी बसवून, रोज चिडवणार. महिनाभर तरी पुरेल एवढा मसाला आहे.

आज मस्त झोप लागेल.

१५ मार्च

कोर्ट भरलं नाही.

लेकीचा फोन यायच्या आधीच राहवेना म्हणून यांना गाडीत बसवलं, म्हटलं, बघा या रेघा. “कुठल्या रेघा?” म्हणाले. मी बोट ठेवलं. तरी दिसेनात. मग पूर्ण मान वळवली आणि एकदम दचकले. खोटं बोलत नव्हते. चौतीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं.

“समोर बघा,” म्हटलं आणि माझा हात त्यांच्या डाव्या कानापासून हळूहळू पुढे आणला. “दिसला की सांगा.” हात नाकासमोर येईपर्यंत ते गप्पच होते.

खूप भीती वाटतेय. उद्या सकाळचीच डॉक्टरांची वेळ मिळालीय. यांनी चावी आपणहून काढून माझ्या हातात दिली. अशी नको होती मला.