घर एक, माणूस एक

ता. १२ ऑक्टोबर १९३१, सोमवार

पोचलो बुवा एकदाचे. रेवदंड्याहून मचवा दहाला सुटला आणि खारबेट येईपर्यंत माझ्या पोटात कालचं पिठलंसुद्धा राहिलं नाही. सौ. सगुणेला सातवा महिना, तिला मळमळेल म्हणून मी आठवणीने लिंबू घेतलं होतं. ते मलाच चोखावं लागलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. पाच वर्षांची नलू काठावर ओणवी होऊन मासे शोधत होती आणि बाप तळाशी आडवा. जुन्नरचा माणूस मी, कुकडीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. असो.

बेट इवलंसं आहे. तेवीस घरं, भाताची खाचरं, थोडी मिठागरं, आणि सगळ्याला वेढून पुरुषभर उंचीचा चिखलाचा बांध, बाहेरचा समुद्र आत येऊ नये म्हणून. शाळा नवी आणि मी तिचा पहिला मास्तर. लोक मायाळू दिसतात. भागोजी नावाचे म्हातारे बांधाचा कारभार बघतात. त्यांनी आम्हाला राहायला अख्खं घर काढून दिलं. सारवलेलं, रांजण भरलेला, चुलीपाशी सरपण रचलेलं. हे रंगूचं घर, नऊ वर्षं बंद होतं, म्हणाले, "घर रिकामा बरा न्हाय." भाड्याचं विचारलं तर त्यांनी कानाला हात लावले. माझ्या मेव्हण्याला उद्याच पत्र टाकतो. मला व्यवहार कळत नाही असं चारचौघांत म्हणत असतो.

ता. १५ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेत अकरा मुलं आली. त्यातली चार पाटी उलटी धरतात. होईल हळूहळू.

या घरातला रंगू, त्याची आई ठमाबाई, ही आता शेजारच्या अंबाजीकडे राहते. रोज सकाळी आमच्या ओटीवर येऊन बसते. येताना तांदळाची भाकरी आणि गूळ आणते, नलूची वेणी घालते, सगुणेचे पाय चेपून देते. बाळंतपण मीच करीन म्हणाली. सगुणेची आई लहानपणीच गेली, त्यामुळे ती या म्हातारीवर अगदी जीव टाकते. नऊ वर्षांमागच्या वादळात ठमाबाईचे दोन्ही मुलगे गेले, रंगू आणि धर्मा. सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. भर दुपारी ती दोन पानांवर भात घेऊन बांधावर जाते आणि ठेवून येते. खेकडे खातात, दुसरं कोण खाणार?

भागोजींनी मला बांध फिरवून दाखवला. इथला कायदा साधा आहे. बांधाला खिंडार पडलं की त्याला हे लोक खांड म्हणतात. खांड पडली की हाळी द्यायची, आणि प्रत्येक घराने एक माणूस पाठवायचा. "घर एक, मानूस एक." राजा असो की रंक. मला नियम पसंत पडला, तसं मी बोलूनही दाखवलं. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीलगत बांधाला छातीच्या उंचीवर दोन फुगवटे आहेत. मुलं तिथं वळसा घालून जातात. त्यांची भीती मोडावी म्हणून मी छत्रीचं टोक खुपसून दाखवलं. बाकीचा बांध दगडासारखा टणक, पण तिथला चिखल लोण्यासारखा मऊ निघाला. छत्री ओढून काढायला बराच जोर लागला. कोणी धरून ठेवल्यासारखी वाटली, पण चिखल हा असाच चिकट असतो.

ता. २१ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

सोनं वाटून झाल्यावर सगळं बेट बांधावर जमलं. ठमाबाईच्या हातात सूप, सुपात विडे. एकेका घराचा माणूस पुढे येऊन एक विडा उचलायचा, कपाळाला लावायचा आणि तिथंच खायचा. सूप माझ्यापुढे आलं. पानाला नाही म्हणणं आमच्याकडे घरच्या यजमानाचा अपमान समजतात, म्हणून मी उचलला. नलू सदरा ओढत होती. ठमाबाई म्हणाली, "पोरीलाबी घ्या ना मास्तर." तिच्यासाठीही उचलला.

त्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. भागोजींनी ठमाबाईचं मनगट धरलं, ते तिने हिसडा देऊन सोडवलं. दुसरा विडा परत ठेवा, असं भागोजी मला म्हणेपर्यंत नलूचं तोंड लाल झालं होतं. मग ते खाली उतरून गेले. लहान मुलांना इथं पान देत नसावेत.

घरी सगुणेने माझी खरडपट्टी काढली. कशाचा विडा ते विचारल्याशिवाय उचलायची काय घाई झाली होती, म्हणे. तिला कोण समजावणार?

ता. २३ ऑक्टोबर, शुक्रवार

वारा मेल्यासारखा पडला आहे. अंगाला घामाच्या धारा. रेवदंड्याच्या बंदरावर वादळाचा काळा बावटा चढलेला इथून दिसतो. परवा कोजागिरी उलटायच्या आत गाठेल, असं अंबाजी म्हणतो. पुनवेचं उधाण आणि वादळ एकदम. शेतात भात लोंबीला आलेलं आहे. खारं पाणी आत शिरलं तर पीक तर जाईलच, पुढची तीन वर्षं जमीन काही देणार नाही.

सकाळी ओटीवर चिखलाची पावलं होती. दोन माणसांची, मोठी, अनवाणी. बांधाकडून आली होती आणि दारापाशी थांबली होती. परत गेलेली दिसली नाहीत. सगुणेने मला न विचारताच ती पुसून टाकली. नलू म्हणाली, काका आले होते. कोण काका, तर बांधातले. मी तिला दटावलं, आणि मग दिवसभर मला वाईट वाटत राहिलं.

ता. २४ ऑक्टोबर, शनिवार

अंबाजीने आज खरं सांगितलं. मी त्याच्या छपराला दोर बांधू लागत होतो, तेव्हा त्याला राहवलं नसावं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवतो.

नऊ वर्षांमागे उघाडीशी खांड पडली. टाकलेला चिखल वाहून जात होता, त्याला काही आधार हवा होता. रंगू आणि धर्मा खांडीत उभे राहिले, आणि लोकांनी त्यांच्या अंगावर चिखल आणि पेंढा लोटायला सुरुवात केली. गळ्यापर्यंत आला तेव्हा पुरे म्हणून ते दोघे ओरडत होते. लोक थांबले नाहीत. "थांबलो अस्तो तर आख्खा बेट गेला अस्ता, मास्तर." खांड बुजली. पाणी उतरल्यावरही त्यांना कोणी काढलं नाही, कारण तिथं उकरलं असतं तर बांध पुन्हा गेला असता.

तेव्हापासून मोठं उधाण आलं की तेवढीच जागा ढिली पडते आणि रंगूच्या घराच्या नावाने हाक येते. बांधाला त्या घरचा माणूस लागतो. घर रिकामं, म्हणून कसंबसं निभावत होते. यंदा वादळाची वर्दी पाडव्याला पंचांग वाचलं तेव्हापासून होती, म्हणून शाळा मागितली, मास्तर मागितला, घर सारवून दिलं.

मी विचारलं, आणि दुसरा विडा? अंबाजी खाली बघत म्हणाला की म्हातारीच्या मनाने घेतलं आहे, दोन आत गेले तर तिचे दोन सुटतील. एका विड्याचं तेवढं गावाला माहीत होतं. पोरीचं कोणाच्या मनात नव्हतं.

कलेक्टरसाहेबांना लिहीन म्हणून मी ओरडलो. अंबाजी म्हणाला, लिवा. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

संध्याकाळ. होड्या सगळ्या देवळापर्यंत ओढून बांधून टाकल्या आहेत. हातापाया पडलो. कोणी नेत नाही. अशा हवेत नेणारही कुठे? एक लहान होडी मी आणि सगुणेने मिळून पाण्यात ढकलली. मला वल्हवता येत नाही. गोल फिरून पुन्हा त्याच चिखलात येऊन रुतलो. काठावर माणसं उभी होती. कोणी हसलं नाही.

ता. २५ ऑक्टोबर, रविवार

आकाश तांब्याच्या भांड्यासारखं झालं आहे. वारा सुटला. नलूच्या अंगात ताप आहे. काकांना थंडी वाजते असं सारखं बरळते.

ठमाबाई आजही आली. मी तिला हाकलायला उठलो, सगुणेने मला अडवलं. तिच्याजवळ जाऊन बसली आणि शांतपणे विचारत राहिली. बांध वय बघतो का? बाई चालते का? ठमाबाई म्हणाली, "तेला जीव पायजे. बाई का बाप्या, लहान का थोर, तेला काय त्याचा." आणि मग सगुणेच्या पोटावरून हात फिरवून रडायला लागली. नऊ वर्षांत पहिल्यांदा रडली असेल. मला तिचा संताप आला, आणि कीवही आली.

उद्या हाळी आली की मी जाणार. ठरवलं आहे. मुलीचाही विडा माझ्याच नावावर धरा म्हणून सांगेन. सगुणेला सांगितलं तर म्हणाली, तुम्हाला धड होडी वल्हवता येत नाही, बांधावर काय दिवे लावणार? असं म्हणून माझं डोकं मांडीवर घेतलं आणि किती तरी वेळ केसांतून हात फिरवत बसली.

ता. २६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ

अर्धं छप्पर गेलं. दाराला जातं लावलं आहे. पाऊस आडवा. ओटीवर ठमाबाई बसून आहे, भिजते आहे, हलत नाही.

भरती बाराला.

साडेदहा

उघाडीशी खांड पडली. पाणी अंगणात आलं. माणसं पेंढा घेऊन पळताहेत —

बांधावर रांगेने उभे आहेत. फटीतून मोजले. तेवीस घरं, आमचं सोडून बावीस. दोनदा मोजले. चोवीस भरतात. दोघं समुद्राकडे तोंड करून उभे, कमरेच्या वर चिखल —

अकरा

हाळी आली. रंगूच्या घरचा. पुन्हा. रंगूच्या घरचा —

उठता येत नाही. काल एवढं बोललो आणि आता — मी भितो आहे. लिहून ठेवतो, मी भितो आहे. हात हलता राहावा म्हणून लिहितो.

सगुणा बघत होती माझ्याकडे. रागावली नाही. नलूला माझ्या मांडीवर दिलं. मागच्या पडवीत पाणी तापत ठेवलंय, बघून येते म्हणाली.

पुन्हा हाळी. उंबऱ्यावरून पाणी आत —

जाईन. आणखी एकदा हाक आली की जाईन.

हाक थांबली.

पाणी उतरतं आहे. उंबऱ्याच्या खाली गेलं. बांधावरून ओरडताहेत, खांड बुजली, खांड बुजली. देवा, बुजली. नलू मांडीवर झोपली आहे. मी इथं आहे. दोघंही आहोत. कोणी घेतलं नाही आम्हाला. हसू येतंय मला —

ठमाबाई उठली. अंगणात धावत गेली. बांधाकडून दोघं येताहेत. चिखलाने भरलेले, हळूहळू, चालायची सवय मोडल्यासारखे. ती पदराने एकाचं तोंड पुसते आहे. रंगू म्हणते आहे.

दोघं सुटले.

मग आत कोण —

सगुणेला हाक मारली. पडवीत पाणी उकळून चूल विझली आहे. मागचं दार सताड उघडं. माझं फावडं नाही.

पण ती एकटी. एकटीच ना गेली. एकीला दोन कसे — सातवा महिना. तिला सातवा —

उकरायला पाहिजे. आत्ता उकरलं तर अजून — बेट बुडो. नलूला माळ्यावर ठेवलं. हाताने उकरीन —

बांधाकडून कोणी हाक मारतं आहे. घराच्या नावाने नव्हे, माझ्या. दत्तात्रेय म्हणून. आवाज सगुणेचाच आहे. लग्नाला आठ वर्षं झाली, तिने माझं नाव कधी तोंडातून —