संत्र्याच्या जागी गुलाब

२ नोव्हेंबर

ती. अप्पा,
सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात समजा. दिवसभर ओट्यापाशी उभं राहून कंबर धरली आहे. खाली वाकले तर उठवायला माणूस लागेल.)

या पत्रासोबत कपकेकच्या नमुन्यांचा दुसरा डबा पाठवते आहे. फोनवर तुम्ही नुसतं बरं, बरं म्हणता आणि ठेवून देता. कागदावर निदान चार ओळी तरी हाती लागतात. पहिल्या डब्यानंतर तुम्ही लिहिलंत की मोहितोतला पुदिना मी चिरला आहे, तो चिरायचा नसतो, तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची आणि सोडायचा. तसं केलं आणि चवच पालटली. एकतीस वर्षं बारच्या काउंटरमागे उभ्या राहिलेल्या माणसाची मुलगी असण्याचा फायदा मला पस्तिशीत कळला म्हणायचा.

आता काळजीचं. एकवीस तारखेला तुमच्या जुन्या हॉटेलच्या बारला पन्नास वर्षं होतात, त्या पार्टीचे कपकेक माझ्याकडे आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. परवा मॅनेजरबाई स्वतः माझ्या स्वयंपाकघरात येऊन गेल्या. तुमच्या हाताखाली ग्लास पुसायला शिकलेली तीच मुलगी, आता तिला बघून लोक उठून उभे राहतात. आता यादी पक्की झाली, त्यांना पाच जुन्या कॉकटेलांच्या चवीचे केक हवेत: मोहितो, मार्गारिटा, व्हिस्की सावर, एस्प्रेसो मार्टिनी आणि ओल्ड फॅशन्ड. एकूण नव्वद. आवडले तर हॉटेलचं गोडाचं काम कायम माझ्याकडे येऊ शकेल, असं त्या दारात चपला घालता घालता म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दातांच्या दवाखान्यातली नोकरी गेल्याला चार महिने झाले. या चार महिन्यांत मी वाढदिवसाच्या केकपलीकडे काही केलेलं नाही. आणि पाहुण्यांमधले निम्मे असे, ज्यांनी जन्मभर हीच पेयं बनवली!

मार्गारिटाच्या कडेचं मीठ जास्त झालं का? ओल्ड फॅशन्डमध्ये संत्र्याची साल व्हिस्कीवर मात करते का? केक गरम असतानाच सुईने टोचून वरून पाक सोडला आहे. खरं खरं लिहा. मुलगी म्हणून नको, हाताखालचं नवीन माणूस समजून लिहा.

लोभ आहेच. रागवायचं असेल तर तेवढं एकवीस तारखेच्या आत रागवा.
तुमची,
टिल्ली

६ नोव्हेंबर

चि. टिल्लीस,
अप्पाचे आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

डबा पोचला. एकही केक चेपला नव्हता. तुझी आत्या तिच्या लेकीकडे गेली आहे, नातवाला दात येताहेत आणि सगळं घर त्याच्यामागे नाचतंय. तेव्हा या खेपेला मी एकट्यानेच निकाल लावला.

मार्गारिटाचं मीठ निम्मं कर. व्हिस्की सावरमध्ये आणखी लिंबू चालेल, पहिल्या घासाला गिऱ्हाइकाचा एक डोळा बारीक व्हायलाच पाहिजे. मार्टिनीतल्या कॉफीचा कडूपणा आहे तेवढा पुरे. मोहितो ठीक. ओल्ड फॅशन्ड उत्तम. संत्र्याची साल व्हिस्कीच्या मागून हळूच येते, जिथे यायला हवी अगदी तिथे. त्यात काही म्हणजे काही बदलू नकोस.

मॅनेजरबाईंचं बोलावणं मलाही आलं आहे. पण मी येईन असं धरून चालू नकोस. गुडघा फार दुखतो. एवढा प्रवास, त्यात उभ्याने गप्पा, ते आता जमायचं नाही. तू आहेसच तिथे.

जेवत जा. लोभ आहे तसाच आहे, गुडघ्यासारखा कुरकुरत नाही.
अप्पा

९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
नमस्कार, आणि नातवाच्या नव्या दाताला वेगळा नमस्कार.

तू काल घरी परतलीस असं तुझ्या लेकीने, ताईने कळवलं, म्हणून हे पत्र तुझ्या नावे. अप्पांना दाखवू नकोस.

मी मोठा घोळ घातला आहे. माझ्याकडे इसेन्सच्या दोन बाटल्या आहेत, एकाच कंपनीच्या, सारख्याच बुटक्या, सारख्याच झाकणाच्या. एक संत्र्याच्या सालीची, एक गुलाबाची. परवा वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, त्यांना मी अप्पांना पाठवलेल्या घाण्यातला उरलेला ओल्ड फॅशन्ड दिला. त्यांनी अर्धा खाल्ला आणि फार जपून विचारलं की यात अंगाचा साबण पडला आहे का. मी हुंगून बघितलं. आत्या, नुसता गुलाब! संत्र्याचं नावसुद्धा नाही. चार दिवस माझं नाक चोंदलेलं होतं, त्यामुळे करताना कळलं नाही.

आणि अप्पा लिहितात की संत्र्याची साल हळूच येते, अगदी जिथे यायला हवी तिथे!

म्हणजे एक तर त्यांनी तो खाल्लाच नाही, किंवा खाल्ला आणि माझं मन राखायला खोटं लिहिलं. मग आधीचं कौतुकही तसलंच असणार. वर पार्टीला यायचं नाही म्हणून गुडघ्याचं निमित्त. गेल्या जुलैत हाच गुडघा माझे तीन मजले न थांबता चढून आला होता.

खरं कारण मला काल कळलं. मॅनेजरबाईंनी एक खेळ ठेवला आहे. अप्पांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, एकेक केक हातात द्यायचा आणि त्यांनी कॉकटेल ओळखायचं. पूर्वी म्हणे ते काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून नुसत्या वासावर सांगायचे, कुणी कुठल्या ग्लासात काय ओतलं ते. हा बेत त्यांना बोलावण्यातच कळवला होता. सगळ्यांसमोर माझा केक तोंडात घ्यायची वेळ येऊ नये म्हणून ते येत नाहीत, दुसरं काय?

तू तरी खरं सांग. माझ्या हाताला चव नाही का? आता सांगितलंस तर काम परत करायला अजून वेळ आहे.  आज तीनदा भट्टी तापवली आणि काही न ठेवता बंद केली.

तुझी माया राहू दे, मी धड काही केलं नाही तरी.
टिल्ली

१२ नोव्हेंबर

चि. टिल्लीस,
आत्याचे आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

काम परत करायचं नाव काढू नकोस. तुझ्या हाताला चव आहे. दादाच्या तोंडाला नाही. आता सांगतेच. त्याने मला शपथ घातली होती, ती मी आज सकाळी दात घासताना मोडायचं ठरवलं.

ऑगस्टमध्ये त्याला ताप आला होता ना, तो उतरला तेव्हा वास घेऊन गेला. कॉफी नाही, साबण नाही, माझी करपलेली भाजी नाही, काही म्हणजे काही येत नाही. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळा पुठ्ठा, असं तो म्हणतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की येईल आपोआप म्हणतो. तुझा पहिला डबा मी खाल्ला बाई. मी एकेक घास घ्यायचा आणि दादाने समोर बसून माझी उलटतपासणी घ्यायची, पुदिना दाताला लागतो की श्वासाला लागतो, असली. ते पुदिन्याचं पत्र त्याचंच, जीभ तेवढी माझी. दुसऱ्या डब्याच्या वेळी मी इथे नव्हते. म्हणून तुझा गुलाब त्याच्या हाती सापडला.

मी हसून लिहिते आहे, पण पुढचं हसण्यासारखं नाही. आठ तारखेला दुपारी मी परत आले, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि गॅसचा भपकारा आला. चहा उतू जाऊन खालची ज्योत विझली होती आणि बटण चालूच. दादा तिथेच, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, शब्दकोडं सोडवत बसलेला! माझा हात दिव्याच्या बटणापर्यंत गेला होता. कसा मागे घेतला ते मला ठाऊक नाही. खिडक्या उघडल्या, त्याला ओढून बाहेर काढला, आणि मग जिन्यातच त्याच्यावर ओरडले. तो नुसता वर्तमानपत्राची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

तेव्हापासून मी त्याला एकटा सोडून दुकानातसुद्धा जात नाही. त्या खेळाच्या धसक्याने त्याचा गुडघा दुखतो आहे. त्या लोकांसमोर तो अजून पूर्वीचाच आहे, आणि तसाच राहायला हवा त्याला. काय करायचं ते तू ठरव. मला तर काही सुचत नाही.

जीव लावून आहेच, आता थोडा जीव मुठीत धरूनही आहे.
आत्या

१४ नोव्हेंबर

ती. अप्पा,
सा. न.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं आहे. आत्याने सांगितलं. तिच्यावर चिडू नका, चिडायचंच तर माझ्यावर चिडा. ओल्ड फॅशन्डमध्ये संत्रं नव्हतंच, चुकून गुलाब पडला होता. तुम्ही मला फसवलंत म्हणून मी चार दिवस रुसून होते. आता गॅसचं वाचल्यापासून रुसवा कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली आहे. अठ्ठावीस तारखेची नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुमच्याच गावातली. जायचंच आहे.

पार्टीचं असं. नको असेल तर खेळ रद्द करा असं मी मॅनेजरबाईंना सांगते, कारण सांगणार नाही. किंवा दुसरं. मी प्रत्येक केकच्या तळाला वेगळी खूण ठेवते, एकाला बदाम, एकाला चेरी, एकाला काहीच नाही. बोटांना कळेल, बाकी कुणाला कळणार नाही. तुम्ही म्हणाल तसं. पण या, अप्पा. तुमच्याशिवाय त्या नव्वद केकांसमोर मला उभं राहवणार नाही.

उत्तर लवकर धाडा. लोभाचं काय ते मग बघू.
टिल्ली

१७ नोव्हेंबर

चि. टिल्लीस, आशीर्वाद.

खूण वगैरे काही ठेवायची नाही. एकतीस वर्षांत मी कुणाच्या ग्लासात चोरून पाणी घातलं नाही, आता तुझ्या केकखाली बदाम लपवू? खेळ रद्द करायचा नाही. मी येतो. तिथे काय करायचं ते मला अजून माहीत नाही, त्यामुळे विचारू नकोस.

आत्याशी मी दोन दिवस बोललो नाही. तिने मीठ न घालता आमटी वाढली, ती मला बरोबर कळली, आणि मग बोलावं लागलं.

संत्र्याची बाटली दोनदा वाच.
अप्पा

२३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
नमस्कार. अप्पा परवा संध्याकाळी तुझ्या हवाली होतील, त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईत लिहिते आहे. तू यायला हवी होतीस. नातवाचा ताप उतरला ना?

अप्पा काळं जाकीट घालून आले, पोटावरची दोन बटणं लागत नव्हती. दारापासून टेबलापर्यंत पोचायला त्यांना पाऊण तास लागला, जो तो मिठी मारत होता. मी केकांचा ट्रे धरून भिंतीशी उभी होते. मॅनेजरबाईंनी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

पहिला मार्गारिटा. त्यांनी चाखलं आणि लगेच ओळखलं. टाळ्या. दुसरा कॉफीचा, तोही ओळखला. आणखी टाळ्या. मला वाटलं, निभावलं. तिसरा ओल्ड फॅशन्ड. त्यांनी एक घास घेतला, चावला, थांबले. दुसरा घेतला. लोकांना वाटलं मुद्दाम ताणताहेत, मागून कुणीतरी ओरडलं की फुकटचं आहे म्हणून म्हातारा सावकाश खातोय. सगळे हसले. मग हसणं हळूहळू थांबलं.

अप्पांनी रुमाल स्वतःच सोडला. त्याची नीट घडी घातली. म्हणाले की ऑगस्टपासून त्यांना वास येत नाही. पहिले दोन त्यांनी मिठावरून आणि कडूपणावरून सांगितले, हा मात्र नुसता गोड लागतो. म्हणाले, माझ्या मुलीने केलाय, आणि तिने काय केलंय ते मला कळत नाही.  

मग गल्ल्यावर बसायचे ते म्हातारे काका पुढे आले, अप्पांच्या हातातला उरलेला तुकडा घेतला आणि सरळ तोंडात टाकला. अप्पांनी सवयीने विचारलं, आधी काय आलं? ते म्हणाले, गोड. मग? मग घशाशी गरम. आणि गिळल्यावर काय राहिलं? काकांनी बोटांची टोकं एकमेकांवर चोळली. म्हणाले की संत्रं सोलल्यावर बोटांना राहतं ना, ते. अप्पा म्हणाले, ओल्ड फॅशन्ड. आणि माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर माणसांची रांगच लागली. प्रत्येकाला अप्पांकडून तपासून घ्यायचं होतं. व्हिस्की सावर त्यांनी दोन प्रश्नांत ओळखला. मोहितो मात्र हुकला, कारण तो खाणाऱ्या लाँड्रीवाल्या दादांनी टूथपेस्ट, टूथपेस्ट एवढंच लावून धरलं, आणि अप्पा म्हणाले की असलं पेय आपण कधी बनवलेलं नाही.

केक सगळे संपले. कायमच्या कामाचं मॅनेजरबाई सोमवारी बोलू म्हणाल्या. चेहऱ्यावरून काही कळलं नाही, तेव्हा सोमवारपर्यंत मी अशीच टांगलेली आहे.

काल अप्पा माझ्या ओट्यापाशी स्टुलावर बसले होते. मी विचारलं की मला का नाही सांगितलंत. त्यांनी हातातलं भांडं पुसून पालथं घातलं. मग म्हणाले की त्यांना वाटलं, मी त्यांना चवीचं विचारायचं बंद करीन. मी तोंड वळवून भट्टी साफ करायला घेतली. ती साफच होती.

अठ्ठावीस तारखेला त्यांना डॉक्टरकडे ने, ओढत न्यावं लागलं तरी. तुझा लोभ माझ्यासाठी शपथ मोडतो, तो असाच मोडका राहू दे.
टिल्ली

३० नोव्हेंबर

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

हॉटेलचं काम महिनाभर करून बघा म्हणाले, हे तुझ्या पत्रावरून कळलं. महिनाभर म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. मीही तिथे असाच लागलो होतो. तू घाबरणारच, घाबर, पण जेवून घाबर.

डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं. वास परत येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असं स्पष्ट म्हणाले. रोज चार बाटल्या हुंगायला दिल्या आहेत, निलगिरी, लवंग, लिंबू आणि गुलाब. गुलाबावर तुझी आत्या हसून हसून लोटपोट झाली. मला चारीतून काहीच येत नाही. मी एकटा असताना गॅस पेटवायचा नाही असं कबूल केलं आहे, आणि पाळतो आहे. चहासाठी दोन तास आत्याची वाट बघणं ही फार हलकी शिक्षा नाही.

एक गोष्ट झाली. काल मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि मला वाटलं, काहीतरी जळतंय. आत जाऊन बघितलं तर आत्या इस्त्री शर्टावर ठेवून खिडकीतून शेजारणीशी बोलत होती. शर्टाची बाही तपकिरी झाली होती. ती शर्टासाठी हळहळत राहिली आणि मी तिथे उभा राहून हसत सुटलो, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. कदाचित वास नसेलही, धूर डोळ्यांना लागला असेल. आज तीच बाही दहादा नाकाशी धरली, काही नाही. आत्याला बोललो नाही, उगाच ती आशेला लागेल. डॉक्टरांनाही पुढच्या खेपेला सांगावं की नाही ते ठरत नाही.

तुला मात्र आजच सांगतो आहे.
अप्पा