वाडग्यातला स्पीकर

२ ऑक्टोबर
साताऱ्याचं दुकान सोडून घरी आले त्याला आठवडा. मालक म्हणाले होते, "अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारी पोरगी आता मेंढरं राखणार व्हय?" राखतेय की. जमत नाही ही गोष्ट वेगळी. मेंढरं वडलांच्या, आबांच्या हाकेवर चालायची; त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून ती आईचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. सांजेला वाडग्याच्या, त्यांच्या काटेरी कुंपणाच्या, तोंडाशी येतात नि पांगतात. काल लांडग्यानं कोकरू नेलं.
मुंबईहून दादाचा फोन. "दिवाळीला येतोय, व्यापाऱ्याला घिऊनच. मेंढरं इकून टाकू." आबांनी ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. लय राग आला. दादाचा, थोडा मेंढरांचापण.

५ ऑक्टो.
आबांची हाक खाटेपाशीच विरते. वाडगं घरामागं, ओढ्याकडेला. तिथवर पोचायची कशी?
मालकांकडून मोडीतला अ‍ॅम्प आणला. बंगल्यात असतो तसला. एका पेटीवरून चार खोल्यांत गाणी, प्रत्येक खोलीचं बटण वेगळं. खो. १ आबांची. खो. २ स्वयंपाकघर. खो. ३ वाडगं. पॉवर सप्लायचे दोन कपॅसिटर फुगलेत, म्हणून आवाज घुमतोय. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत.

७ ऑक्टो.
कपॅसिटर बदलले, घुमणं गेलं. आबांच्या तोंडाशी माइक धरला आणि नुसता गोंधळ! खो. १ चालूच राहिली होती. त्यांचा आवाज त्यांच्याच स्पीकरातून परत माइकात, परत स्पीकरात... अशी किंकाळी की आई पातेलं टाकून धावली. "आगं, म्हाताऱ्याला मारतीस का काय!" आबा अर्ध्या तोंडानं हसले. आजारपणात पहिल्यांदाच.
खो. १ बंद. फक्त ३.

८ ऑक्टो.
सांजेला आबांनी हाक दिली, "हुर्र्र... या गं बायांनो." अर्धी हाक गिळली गेली. चूक माझी, सांगायचं राहिलं. बटण दाबलं की आतली वीज स्थिर होईपर्यंत रिले, म्हणजे पेटीतला आपोआप चालणारा खटका, स्पीकरला जोडूनच घेत नाही, नाहीतर स्पीकर जळेल. "पेटीत टक वाजलं की मग बोला, आबा."
दुसऱ्यांदा पुरी गेली. मेंढरं थबकली. म्हातारी बांडी मेंढी पुढं झाली, तिच्यामागं सगळी. आत! आई दारात उभी राहून रडली. मीपण.

१२ ऑक्टो.
आबा : "माजा आवाज तारंतनं जातो व्हय?"
मी : "न्हाई. माइकात त्याची लय बारीक वीज हुती. ती वीज ट्रान्झिस्टरचा नळ कमीजास्त करती. त्यातनं वाहती ती भिंतीतली लाईट. तुमचा आवाज म्हंजे नळावरचा हात."
आबांनी पेटीकडं पाहिलं. मग, "म्हंजे तितं लाईट बोलती."
"बोलणं तुमचंच, आबा. जोर तिचा."
"मग बरं. जोर न्हाईच आता माज्यात."


१५ ऑक्टो.
एक दोष आहे. रिले जोडला की वाडग्यातला स्पीकर 'टप' करतो. आउटपुटला थोडं डीसी, म्हणजे नको असलेली वीज, उरलंय. आतला छोटा स्क्रू फिरवला की जाईल. रविवारी बघते.

२१ ऑक्टो., रवि.
स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नि ठेवला. झालं असं, मी बटण दाबलं आणि आबांना खोकला आला. हाक गेलीच नाही. नुसतं 'टप' झालं, तर झाडून सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या. शहाणी झालीत! दोष राहू दे. मालकांना कळलं तर कान उपटतील.

२४ ऑक्टो.
आबांना दुसरा झटका. दहिवडीच्या दवाखान्यात. वाचा गेली. येईल का, डॉक्टर सांगत नाहीत.

२९ ऑक्टो.
घरी आणलं. खाट खिडकीपाशी घेतली, वाडगं दिसतं.
हाक मोबाईलमध्ये भरून ठेवली असती तर... आवाजाचंच काम करणारी मी, आणि सुचलं नाही. आबा होते ना रोज.
मेंढरं परत पांगायला लागली. दादाचा फोन. आई फोन ठेवत म्हणाली, "आवाज थेट बापाचा हाय मेल्याचा. अक्कल तेवडी कुणाची आणली, देव जाणे."

६ नोव्हें.
दादा आला. व्यापारीपण.
"अलके, आता तरी आईक. कुनाच्या हाकंवर ठिवायची ही?"
 सांज होत आलेली, मेंढरं ओढ्यात पांगलेली. मी सवयीनं बटण दाबलं. घरात टक, वाडग्यात टप. सगळ्या माना वर. व्यापारी म्हणाला, "वाट बघत्यात जणू."
मी माइक आबांच्या तोंडाशी धरला. त्यांनी ओठ हलवले. शब्द नाही, नुसता श्वास. तोच मोठा होऊन वाडग्यात गेला. बांडी दोन पावलं पुढं आली आणि थांबली. आबांच्या डोळ्यांतून पाणी.
दादा म्हणाला, "बंद कर गं ते."  मी नाही केलं बंद.
हे लिहितेय तरी अ‍ॅम्प चालूच आहे. मेंढरं तशीच उभी, स्पीकरकडं तोंड करून. व्यापारी ओसरीवर चहा पितोय. दादा आबांच्या खाटेशी खाली बसलाय. माझ्या हातातला माइक त्यानं घेतलाय. बापाचाच आवाज त्याचा. हाक अजून दिलेली नाही.